खदानीमागचा आघाडा

७ नोव्हेंबर १९९४ रोजी अंबादास निखाडे याला रोज चौतीस रुपये सत्तर पैसे मजुरीवर उंदीर पकडायच्या कामाला घेण्यात आलं. ऑर्डर एका महिन्याची होती. महिना संपला की पुढच्या महिन्याची नवी ऑर्डर निघे, आणि ती निघेपर्यंतचे दोन-तीन दिवस अंबादास नुसत्या भरवशावर कामाला जाई.

त्या वर्षी पितृपक्षाच्या सुमाराला सुरतेकडून प्लेगची बातमी आली होती. जबलपुरात प्लेग नव्हता, पण बडा फुहाऱ्याच्या कापडबाजारात लोक नाकाला रुमाल बांधून कापड फाडून घेत होते, आणि अंबादास राही त्या गढा मोहल्ल्यात एखाद्या घरी मेलेला उंदीर निघाला की सगळी गल्ली बाहेर येऊन उभी राही. मग आरोग्य खात्याच्या ऑफिसात वरून हुकूम आला, की शहराच्या चारी बाजूंचे उंदीर पकडा, त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजा आणि दर महिन्याला आकडा पाठवा. एका उंदरामागे सरासरी किती पिसवा निघतात यावरून धोका किती ते कळतं. त्यासाठी जे लहानसं पथक उभं राहिलं, त्यात अंबादास सगळ्यांत खालचा.

तो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याचे वडील विठोबा हिंगणघाटाकडून इथल्या कारखान्यात हमालीला आले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि निखाडे इकडे राहिले. अंबादास आठवीपर्यंत शिकला. पावसाळ्यात हिवतापाच्या फवारणीवर जाई, बाकीचं वर्ष मिळेल ते काम करी. त्याच्याजवळ एकच गोष्ट मिरवण्यासारखी होती, ती म्हणजे अक्षर. त्या अक्षरापायीच उंदरांचं रजिस्टर त्याच्याकडे आलं.

काम सोपं दिसे, पण त्याची रीत होती. संध्याकाळी बारा पिंजरे सायकलला बांधून न्यायचे, प्रत्येकात भज्याचा तुकडा अडकवायचा आणि ठरलेल्या जागी ठेवून यायचं. भजी रोज ताजी लागत. शिळ्या भज्याला उंदीर तोंड लावत नाही, हे त्याची बायको शरयू हिला आधी खरं वाटेना. ऑफिसातून भज्यांचे दोन रुपये मिळत. रोज दिवेलागणीला निखाड्यांच्या घरून तळणाचा वास सुटे, आणि शेजारच्या बायका म्हणत की सरकारी काम लागल्यापासून यांची चैन आहे. नवरा काय करतो असं कोणी विचारलं तर शरयू ‘हेल्थमध्ये आहेत’ एवढंच सांगे.

सकाळी ज्या पिंजऱ्यात उंदीर असेल तो जसाच्या तसा पांढऱ्या कापडी पिशवीत घालायचा आणि पिशवीचं तोंड आवळून बांधायचं. उंदीर जिवंतच हवा. तो मरून गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळ जे गरम अंग सापडेल त्यावर जातात. माणसांत प्लेग येतो तो याच वाटेने. लोकांना हे ठाऊक नसल्याने कोणी कोणी शेपटीला धरून मेलेले उंदीर ऑफिसात आणून देत आणि आपण देशसेवा केली अशा चेहऱ्याने उभे राहत. अंबादास हात जोडून सांगे, ‘‘भैया, मरा हुआ नहीं चलेगा. इसकी पिस्सू तो आपके घर रह गई.’’ मग तो माणूस उंदीर तिथेच टाकून पळे.

ऑफिसात पिशवीत औषधाचा बोळा टाकला की उंदीर आणि त्याच्या अंगावरचं सगळं निपचित होई. मग उंदराला पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवून उवांच्या फणीने विंचरायचं. आधी केसांच्या दिशेने, मग उलट. ट्रेमध्ये जे पडेल ते चिमट्याने उचलायचं आणि मोजायचं. लहानपणी आई अशीच फणी त्याच्या बहिणींच्या डोक्यात फिरवायची. कधी कधी विंचरता विंचरता त्याचा हात उगीच हळू होई.

डिसेंबरात पुण्याहून एक मोठे साहेब आठ दिवसांसाठी आले. नाव दिवाकर शिराळकर, किड्यांचे जाणकार. ते मराठी निघाले म्हणून ऑफिसात अंबादासलाच त्यांच्या दिमतीला दिलं. एका सकाळी गावाबाहेरच्या दगडाच्या खदानीकडून आणलेला रानउंदीर ट्रेमध्ये होता. साहेबांनी त्याचा कान उलटा केला आणि अंबादासला बोलावलं. कानाच्या आत शेंदराचं बोट टेकवल्यासारखा लालसर ठिपका होता. भिंग धरलं तर तो ठिपका नव्हता. दाटीवाटीने बसलेले वीस-पंचवीस जीव होते, सुईच्या टोकाएवढे.

साहेबांनी सांगितलं ते अंबादासने नीट ऐकून घेतलं. ही पिसू नव्हे, गोचिडीच्या दूरच्या नात्यातल्या एका किडीची ही पिल्लं. गवता-झुडपांच्या शेंड्यावर येऊन बसतात आणि जे गरम अंग घासून जाईल त्याला चिकटतात. उंदीर ही त्यांची धर्मशाळा, पण माणूस आला तर माणूसही चालतो. सगळ्यांत रोग नसतो. ज्यांच्यात असतो ती चावली तर दहा-बारा दिवसांनी ताप चढतो, डोळे लाल होतात, आणि डॉक्टर बहुतेक टायफॉइड म्हणून औषध देतात. ते औषध याला लागू पडेलच असं नाही.

‘‘ओळखायची खूण एकच,’’ साहेब म्हणाले. ‘‘चावलेल्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ना दुखत, ना खाजत. आणि असते कुठे, तर काखेत, कमरेत, जिथे कोणी बघत नाही. बघितलं तर माणूस वाचतो.’’

छापील रजिस्टरात या किडीसाठी रकाना नव्हता. पिसवांसाठी होता. साहेबांनी सांगितलं की नवा रकाना छापून येईतोवर ‘शेरा’ या शेवटच्या रकान्यात लिहीत जा, आणि ते परत गेले. अंबादास लिहीत गेला. रजिस्टर हिंदीत होतं, म्हणून हिंदीत. ‘कान में लाल कीड़े, बहुत.’ ‘कान में लाल कीड़े, थोड़े.’ गल्लीतल्या उंदरांत काही नसे. खदानीमागे नाल्याच्या काठावर लावलेल्या पिंजऱ्यांत मात्र जवळजवळ नेहमी असे.

महिन्याचा गोषवारा करणं हे बडे बाबू श्रीरंग बोकील यांचं काम. बावीस वर्षांची नोकरी, टेबलावर लाल-निळी दौत, आणि बेरीज उभी-आडवी जुळल्याशिवाय कागदावर सही नाही. त्यांनी दोन महिने तो शेरा तसाच वर पाठवला. तिसऱ्या महिन्यात वरून विचारणा आली, की हे लाल किडे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे ते कळवावे. श्रीरंगांनी अंबादासला समोर बसवलं. ते रागावले नाहीत. रजिस्टर त्याच्याकडे फिरवून म्हणाले, ‘‘हे बघ अंबादास, तुझ्या या शेऱ्याला शीर्षच नाही. मी याला बेरजेत घेऊ कुठून? तुझी ऑर्डर महिन्या-महिन्याची. वरचे लोक विचारून राहिले, ते बरं नाही. पिसवा लिही, बाकी सोड.’’

अंबादासने सोडलं. शेवटचा शेरा १४ फेब्रुवारी १९९५ चा होता. त्यानंतर तो रकाना कोरा जाऊ लागला. उंदरांचे कान तो अजूनही उलटे करून पाही, ती सवयच लागली होती. पाहून पुन्हा सरळ करी.

आता बेबीमावशीची गोष्ट सांगायला हवी.

बेबी खापरे ही अठ्ठावन्न वर्षांची विधवा, गढ्यातच पुतण्या रत्नाकरच्या घरी राहत होती. वर्षभर ती कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. श्रावण संपत आला की गढ्यापासून सराफ्यापर्यंतच्या मराठी घरांना तिची आठवण होई, कारण हरताळकेची पत्री तिच्याकडून घ्यायची असे. बाजारातल्या जुडीत कुंपणावरचा कुठलाही पाला सोळा वेळा बांधलेला असतो. बेबीमावशीच्या जुडीत मोजून सोळा जाती. आघाडा, बेल, धोत्रा, माका, डोरली, कण्हेर, दुर्वा तीन पानांच्याच. जुडीचे चार रुपये. बारा वर्षांत तिची एक जुडी खोटी निघाली नव्हती.

अंबादासची आणि तिची ओळख मदनमहालाच्या टेकडीवरची. तो पिंजरे घेऊन, ती पिशवी घेऊन. उंदीरवाल्याला पाहून बाकीची माणसं जरा लांबून जात. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला खुर्च्या उचलायला सांगत, पंगतीत वाढायला सांगत नसत. तो हे कोणाला बोलला नव्हता. बेबीमावशी मात्र त्याच्या सायकलला हात लावूनच बोले.

‘‘काहून रे उंदराच्या जावया, आज किती बिऱ्हाडं उठवली?’’

‘‘सात, मावशी.’’

‘‘अच्छा. म्हणजे तुझं चालून राहिलं. माझं सांग.’’

हे बोलणं ऑगस्ट १९९५ च्या तिसऱ्या आठवड्यातलं. तिचं गाऱ्हाणं खरं होतं. टेकडीखाली ज्या उतारावरून ती वर्षानुवर्षं आघाडा आणत होती, तिथे वस्ती झाली होती. ‘‘आघाड्याच्या जागी मोऱ्या झाल्या रे बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘चाळीस जुड्या सांगून ठेवल्या लोकांनी. बारा वर्षांत पहिल्यांदा मी बाजारचा पाला बांधीन असं दिसते.’’

अंबादासला वाईट वाटलं. आणि आपल्याला काहीतरी ठाऊक आहे जे तिला नाही, याचा थोडा आनंदही झाला. तो म्हणाला, ‘‘मावशी, खदानीच्या मागे जाय, नाल्याच्या काठाकाठाने. कमरेइतका आघाडा आहे. कोणी जात नाही तिकडे. पण साप आहेत, काठी आपटत जाय.’’

सापाचं सांगायला तो विसरला नाही. दुसरं काही त्याच्या मनातही आलं नाही. तो त्याच जागी आठवड्यातून दोनदा पिंजरे लावत होता, तिथल्या उंदरांचे कान उलटे करून पाहत होता. पण ते सगळं ऑफिसातलं. पांढरी पिशवी, ट्रे, भिंग, रजिस्टर. पत्री ही देवाची. एकाच गवतात दोन्ही आहेत हे त्याच्या ध्यानात येण्यासाठी त्या दोन गोष्टी कधीतरी एका ठिकाणी लिहिलेल्या असायला हव्या होत्या, आणि तशा त्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या.

बेबीमावशी चार दिवस तिकडे गेली. दुर्वा उभ्याने निवडता येत नाहीत. ती गवतात फतकल मारून बसे आणि तीन पानांची एकेक काडी खुडे. हरताळकेच्या आदल्या दिवशी, २७ ऑगस्टला, ती जुडी घेऊन निखाड्यांच्या दारात आली. आघाड्याचे तुरे असे लांब आणि टवटवीत, की शरयूने ते शेजारणीला नेऊन दाखवले. अंबादासकडे शंभराची नोट होती. मावशीकडे सुटे नव्हते.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘चार रुपयांसाठी तू काही नागपूरला पळत नाही.’’

अनंत चतुर्दशीच्या सुमाराला तिला ताप भरला. गल्लीतल्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, इंजेक्शनं दिली. आठ दिवसांत उतार पडला नाही. डोकं दुखून दुखून ती भिंतीला कपाळ टेकून बसे. मग बोलणं अडखळू लागलं. रत्नाकरने तिला सरकारी दवाखान्यात भरती केलं. तिथेही कागदावर टायफॉइडच लिहून आलं होतं, तेच पुढे चाललं.

अंबादासला हे रविवारी, १७ सप्टेंबरला कळलं. सकाळी पानाच्या टपरीवर रत्नाकर भेटला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. म्हणाला, काकू आता माणूस ओळखत नाही. अंबादास तसाच त्याच्यासोबत गेला. बेबीमावशी खाटेवर डोळे अर्धे मिटून पडली होती, आणि जे डोळे दिसत होते ते लाल होते. हातांची बोटं चादरीवर काहीतरी खुडत होती. एक, दोन, तीन. मग पुन्हा एक, दोन, तीन.

अंबादास तिथे खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला. २७ ऑगस्टपासून दिवस मोजले. ताप चढला तोवर बारा झाले होते. दिवाकर साहेबांचा आवाज आठवला, आणि त्यामागोमाग स्वतःचा, खदानीच्या मागे जाय मावशी, असं सांगणारा.

तो घरी आला आणि शरयूला म्हणाला की चल, मावशीच्या अंगावर कुठे काळी खपली आहे का ते पाहायचं आहे, काखेत, कमरेत, सगळीकडे. शरयूने विचारलं, कशासाठी. त्याने सगळं सांगितलं. ती पदर खोचून निघाली.

बायकांच्या वॉर्डात तिने नर्सला सांगून पडदा ओढून घेतला. अंबादास बाहेर जिन्यापाशी उभा होता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला हळद लागलेली होती.

‘‘आहे,’’ शरयू म्हणाली. ‘‘नेसूच्या गाठीखाली. चवलीएवढी. हळद-तेल लावून ठेवलंय वर. म्हणजे मावशीला माहीत होतं हो. बोलली नाही कोणाला. पुतण्याच्या घरात राहते, कशी दाखवणार.’’

आता डॉक्टरांना सांगणं आलं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, टेबलाशी उभ्यानेच चहा घेत होत्या. अंबादास आजवर कोणत्या डॉक्टरपुढे स्वतःहून बोलला नव्हता. शिवाय बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागणार होतं. जागा कोणी दाखवली, हे आलं. ऑफिसातलं रजिस्टर आलं. ऑर्डर ३० तारखेपर्यंतची होती, आणि पुढची काढायची की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांनीच या किड्यांची विचारणा केली होती. हे सगळं जिन्यापासून टेबलापर्यंतच्या वीस पावलांत त्याच्या डोक्यातून गेलं.

त्याने सांगितलं. बाईंनी कप ठेवला, पडद्यामागे जाऊन खपली पाहिली आणि परत आल्या.

‘‘आपको ये सब कैसे मालूम? आप करते क्या हैं?’’

‘‘चूहे पकड़ता हूँ, मैडम.’’

त्या हसल्या नाहीत. त्यांनी या आजाराचं नाव पुस्तकात वाचलं होतं, पण जबलपुरात तो होतो असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. औषध बदलायचं तर मोठ्या सरांना विचारायला हवं, आणि सर संध्याकाळी राउंडला येणार. त्या म्हणाल्या, ‘‘मैं सर से क्या कहूँ? कहीं लिखा हुआ है कुछ?’’

लिहिलेलं होतं. पण ते ऑफिसच्या कपाटात, आणि आज रविवार.

श्रीरंग बोकील सराफ्यामागच्या गल्लीत राहत. अंबादास पोचला तेव्हा ते जेवून सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. मग अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘मी तुला लिहू नको म्हटलं, ती तारीख कोणती?’’

‘‘चौदा फेब्रुवारीचा शेवटचा आहे, साहेब. त्याच्या दुसऱ्या दिवशी.’’

श्रीरंगांनी खुंटीवरची किल्ली घेतली. बावीस वर्षांत त्यांनी रविवारी ऑफिस उघडलं नव्हतं. उघडल्यावरही ते कपाटाकडे आधी गेले नाहीत. जावक वही काढली, तारीख आणि वेळ घातली, ‘उंदीर रजिस्टर, नग एक, दवाखान्यात दाखवण्यासाठी’ असं लिहिलं आणि अंबादासची सही घेतली. त्याखाली स्वतःची केली. मग म्हणाले, ‘‘चल. मी येतो. तुला विचारतील की हे खरं कशावरून, तेव्हा कोणी बाबू पाहिजे सोबत.’’

दवाखान्यात मोठे सर आले होते. घाईत होते, पण रजिस्टर त्यांनी हातात घेतलं. अंबादासच्या सुबक अक्षरातले शेरे ते बोटाने वरून खाली वाचत गेले. ‘खदान, नाले का किनारा. सात में से पाँच चूहों के कान में.’ मग बोट थांबलं. खाली सगळा रकाना कोरा होता.

‘‘इसके बाद कीड़े बंद हो गए?’’

अंबादासने श्रीरंगांकडे पाहिलं नाही. ‘‘नहीं साहब. लिखना बंद हो गया.’’

‘‘क्यों?’’

‘‘मैंने मना किया था,’’ श्रीरंग म्हणाले. ‘‘फॉर्म में कॉलम नहीं था.’’

सरांनी दोघांकडे पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना औषधाचं नाव सांगितलं. साध्या कॅप्सूल होत्या, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या. आतली पावडर पाण्यात कालवून नळीने दिली. रविवारी संध्याकाळी पहिली मात्रा गेली. सोमवारी काही फरक नव्हता. अंबादासने त्या दिवशी नऊ उंदीर विंचरले आणि एकाचीही मोजणी दुसऱ्यांदा केल्याशिवाय लिहिली नाही, कारण पहिल्यांदा काय मोजलं ते त्याला आठवत नव्हतं. मंगळवारी दुपारी घाम सुटला. गुरुवारी बेबीमावशीने चहा मागितला, आणि दिला तो फिका आहे म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी त्या आठवड्यात वॉर्डातल्या तापाच्या सगळ्या पेशंटांच्या अंगावर तसली खपली शोधली. आणखी दोघांच्या सापडली. एक गवत कापणारी बाई, पाठीवर. एक मोळीवाला, काखेत. तिघेही उठून घरी गेले. बाईंनी अंबादासला निरोप पाठवून बोलावलं आणि कोणत्या कोणत्या जागी ते किडे सापडतात याचा नकाशा हाताने काढून घेतला.

अंबादासची ऑक्टोबरची ऑर्डर पाच दिवस उशिरा निघाली, पण निघाली. रविवारी कार्यालय कोणाच्या परवानगीने उघडलं, असं एक पत्र श्रीरंगांना आलं. त्यांनी तीन ओळींत उत्तर दिलं आणि त्याची नक्कल फाइलला लावली. आणखी एक केलं. रजिस्टरच्या पुढच्या सगळ्या पानांवर पट्टी ठेवून लाल शाईने एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘कान के कीड़े’. अंबादास त्या रकान्यात रोज आकडा भरू लागला. वरून तो आकडा कधी कोणी मागितला नाही. मार्च १९९६ मध्ये, प्लेग आला नाही म्हणून, पथक बंद झालं आणि रजिस्टरं गठ्ठा बांधून ठेवली गेली. अंबादास पुन्हा फवारणीला लागला.

बेबीमावशीला त्याने दिवाळीत सांगितलं. ती रत्नाकरच्या ओट्यावर उन्हात बसली होती. डाव्या कानाने तिला आता कमी ऐकू येई, म्हणून तो उजवीकडे बसला. दवाखान्यातून आल्यापासून सगळे तिला सांगत होते की अंबादासने वाचवलं, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. ते ऐकणं त्याला दिवसेंदिवस जड जात होतं.

तो म्हणाला, ‘‘मावशी, त्या जागेत ते किडे आहेत हे मला ठाऊक होतं. मी स्वतः लिहिलं होतं. तरी तुला तिकडे जाय म्हटलं.’’

मावशी फराळाच्या ताटलीतल्या चकलीचा तुकडा मोडत होती. तो मोडून झाला. तिने तो खाल्ला नाही.

‘‘ठाऊक होतं, की आठवलं नाही?’’

‘‘आठवलं नाही.’’

‘‘मग तसं सांग.’’ तिने तो तुकडा ताटलीत परत ठेवला. ‘‘मीही त्या खपलीला हळद लावली आणि गप्प बसले. कोणाला दाखवली असती तर? आता तू माझ्यासमोर रडून नको राहू. जागा चांगली होती. असा आघाडा मी कुठे पाहिला नाही.’’

अंबादासने खिशातून चार रुपये काढून पुढे केले, दोन-दोनाची नाणी. तिने हात मागे घेतला.

‘‘आत्ता नको. मोकळा होऊन घरी जाशील. राहू दे तुझ्याकडे, मला बोलायला होईल.’’

पुढच्या भाद्रपदात ते दोघं मिळून पत्रीला गेले. खदानीमागे नाही, दुसरीकडे. तरी त्याने तिला रत्नाकरचे जुने मोजे घालायला लावले, बसायला ताडपत्री अंथरली, आणि घरी पोचल्याबरोबर अंगावरचं लुगडं गरम पाण्यात टाकायला सांगितलं, आणि नेसूच्या गाठीखाली कुठे चावलंय का ते पाहायला शरयूला पाठवलं. मावशी मोज्यांत अशी चालत होती की तिला स्वतःलाच हसू येत होतं. ‘‘हरताळकेला पार्वतीनेही असेच मोजे घातले असतील,’’ ती म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी असंच. वाटेत कोणी भेटलं की ती थांबून सांगे, हा माझा देणेकरी आहे बरं, चार रुपये खाऊन बसला आहे.

त्याने दोन-तीनदा पुन्हा देऊन पाहिले. तिने घेतले नाहीत.

बेबी खापरे २००७ च्या मार्चमध्ये म्हातारपणाने गेल्या. १९९५ च्या पत्रीचे चार रुपये अंबादासकडून द्यायचे राहिले आहेत.